दाब दीडशे

"शेगडी पण पोरीसारखीच हाय. दिसायला बरी, पण तापायचं नाव नाय."

हे वाक्य माझ्या कानासाठी नव्हतं. मी पडवीत तांदूळ निवडत होते आणि मधे कुडाची भिंत होती. भिंतीपलीकडे माझ्या सासूबाई शेजारच्या वेणूकाकूंना माझ्याबद्दल आणि माझ्या माहेरच्या विजेच्या शेगडीबद्दल एका दमात सांगत होत्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. वेणूकाकूंनी विचारलं, मग आता करणार काय? आत्याबाई म्हणाल्या, "संक्रांतीला हिचा भाऊ येईल न्यायला. त्याच्याच हाती परत धाडते."

रुखवतातली वस्तू परत. तुम्ही लग्न झालेल्या असाल तर मी पुढे काही सांगायला नको. नसाल तर एवढंच सांगते, की त्यापेक्षा मलाच परत पाठवलं असतं तर माहेरी कमी बोभाटा झाला असता.

तर त्या शेगडीची ही गोष्ट. यात दोष सासरचा नाही, माहेरचा नाही, विजेच्या तारांचाही नाही. कागद-पेन्सिल घेऊन, पायरी पायरीने, मी माझी फजिती स्वतः तयार केली. गणित येणाऱ्या माणसाची फजिती साधीसुधी नसते हो. ती दशांश चिन्हापर्यंत बरोबर असते.

माझं माहेर कुंभिवलीचं, हमरस्त्याला लागून. दादाचं तिथे मोटारींच्या वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. ट्रकवाले डायनामो आणून टाकतात, दादा जुनी तार काढतो, नवी भरतो. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन बसायची. दादा तार गुंडाळायचा आणि मी वेढे मोजायची. बोलणं फारसं नसायचंच. मोजताना बोललं की चुकतं, आणि मला तसंही बोलायची हौस नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा दादाने रुखवतासाठी ही शेगडी स्वतःच्या हाताने केली. खाली पत्र्याचा डबा, वर मातीची थाळी, थाळीच्या गोल खोबणीत बसवलेली तार. ट्रकचे नंबर रंगवणाऱ्या पेंटरकडून त्याने डब्यावर "२३० व्होल्ट, १००० वॅट" असं लिहून घेतलं. पेंटरने सवयीने दोन्ही बाजूंना एकेक कमळ काढलं. करंज्या, शेवया आणि लोकरीच्या पोपटांच्या मधोमध ती शेगडी इतकी शोभली, की बायका पोपट सोडून तिच्याभोवती उभ्या राहिल्या.

सासर कळंबचं. घराला लागूनच मामंजींची भाताची गिरणी. भात घरात आलं की होळीपर्यंत गिरणीला सुट्टी नाही. सकाळी सातला पट्टा फिरायला लागतो तो दिवेलागणीला थांबतो. दुपारी तासभर बंद असते, पण त्या तासात गिरणीवरची माणसं जेवायला येतात आणि मी वाढत असते. स्वयंपाक चुलीवर. पहाटेचा चहाही आंघोळीच्या पाण्यासाठी पेटलेल्या चुलीवरच होतो. शेगडीकडे दोनच कामं आली, दहाचा चहा आणि चारचा चहा. तो करायचा, किटलीत भरायचा, गिरणीच्या दारात नेऊन ठेवायचा. आतली माणसं कामावर उभ्या उभ्याच पितात.

दादाच्या शेगडीवर दहाचा चहा पावणेअकराला व्हायचा. तार जेमतेम लाल व्हायची, लाजल्यासारखी. मामंजी गिरणीतून हाक मारायचे. सगळं आयुष्य गिरणीच्या आवाजात गेल्यामुळे ते नेहमीच गिरणी चालू असल्यासारखे बोलतात. "सूनबाई, चहा कर्जतवरनं येतोय काय?" हे अख्ख्या आळीला ऐकू जायचं. भात घेऊन आलेले गाडीवाले हसायचे. मी पातेल्याकडे बघत बसायची. बघून दूध तापत नाही, हे मला ठाऊक होतं, पण दुसरं करणार काय?

त्या दिवशी कुडाच्या भिंतीमागे मात्र मी ठरवलं. दादाची तार खोटी असणं शक्य नाही. तिचे वेढे मी मोजलेत, बरोबर दोनशे. खोट दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि ती मोजून काढता येते.

शाळेत आम्हाला हे मराठीतून शिकवलं होतं. व्होल्ट मोजायचे तो दाब, अँपिअर मोजायचा तो प्रवाह, आणि तार विजेला जी अडवणूक करते तो रोध. दाबाला प्रवाहाने भागलं की रोध येतो. दाबाला प्रवाहाने गुणलं की शक्ती येते, म्हणजे वॅट. एक भागाकार, एक गुणाकार. याच्यापेक्षा पुरणपोळी अवघड.

गिरणीची मोटर सांभाळतो काशिनाथ. त्याच्याकडे काट्याची दोन जुनी मीटरं आहेत, एक व्होल्टचं आणि एक अँपिअरचं. मी किटली ठेवायला गेले तेव्हा हळूच मागितली. तो माझ्याकडे बघतच राहिला. नव्या सुनेने पकड मागितली असती तरी त्याला नवल वाटलं असतं. पण तो भला माणूस. "वैनी, शॉक लागला तर दादा माझीच चटणी करतील," असं म्हणत स्वतः आला आणि मीटरं जोडून दिली. 'दादा' म्हणजे मामंजी.

तीन दिवस, दहाला आणि चारला, मी आकडे टिपले. दाब दीडशे. कधी एकशे अठ्ठेचाळीस, कधी एकशे बावन्न, पण दीडशेच्या आसपासच. प्रवाह दोन पूर्णांक आठ. कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे मी गणित मांडलं. दीडशे भागिले दोन पूर्णांक आठ, रोध झाला साडेत्रेपन्न ओहम. मग याच तारेला डब्यावर लिहिल्याप्रमाणे दोनशे तीसचा दाब मिळाला असता तर? प्रवाह म्हणजे दाब भागिले रोध, त्याला पुन्हा दाबाने गुणायचं, म्हणून दोनशे तीसचा वर्ग, त्याला साडेत्रेपन्नाने भागा. नऊशे अठ्ठ्याऐंशी वॅट. दादाने हजाराची म्हणून दिलेली शेगडी हजाराला बारा कमी! बारा वॅट मी माझ्या भावाला तिथल्या तिथे माफ केले.

आणि प्रत्यक्षात मिळत किती होते? दीडशे गुणिले दोन पूर्णांक आठ. चारशे वीस. निम्म्याहूनही कमी. निर्दोष सुटलेल्या आरोपीच्या बहिणीला कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

लगेच सांगायचं म्हणून मी चुलीपाशी गेले. आत्याबाई भाकरी थापत होत्या. लग्नानंतर मी आपणहून त्यांच्याशी बोलायची ती पहिलीच वेळ. शब्द जमवून जमवून मी म्हणाले, "आत्याबाई, शेगडीत काही दोष नाही. या घरात दाब कमी आहे."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं, मग भाकरीकडे बघितलं, आणि भाकरी उलटली. मला वाटलं पटलं. हातात कागद होता तो दाखवायची गरजच पडली नाही, म्हणून मी खुशीत परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगण्यात आलं की अंगण मी सारवायचं. तोवर ते वेणूकाकूंची मुलगी सारवत असे. दुपारी सांगण्यात आलं की उखळातली हळद मीच कुटायची. तिसऱ्या दिवशी गोठ्यातलं शेण, विहिरीवरचे सहा हंडे, आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. मी म्हटलं, संक्रांत जवळ आली, कामं वाढणारच. नव्या सुनेला घरातलं काय नेहमीचं नि काय नाही हे कळणार कसं? वेणूकाकू येता-जाता माझ्याकडे बघून मान हलवायच्या. एकदा म्हणाल्यासुद्धा, "काय गं, आता तरी बराबर हाय ना?" मी म्हटलं हो. त्या गालातल्या गालात हसत गेल्या.

आमचे हे कर्जतला कचेरीत आहेत, संध्याकाळच्या एसटीने येतात. तिसऱ्या दिवशी विहिरीवर पाय धुताना त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "तू आईला म्हणालीस, घरात दाब कमी आहे म्हणून?"

"हो. दीडशेच आहे."

"दीडशे काय?"

"दोनशे तीस पाहिजे."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे असं बघितलं, की जणू या बाईला लग्नाआधी नीट विचारून घ्यायला हवं होतं. "अगं, आई सगळ्या आळीत सांगत फिरतेय. नवी सून स्वतःच्या तोंडाने म्हणाली, तुमच्या घरात सुनेवर दाब कमी आहे. वेणूकाकू म्हणाल्या, मागतेय तर दे की वाढवून."

मी कमरेला खोचलेला कॅलेंडरचा कागद काढून त्यांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग ते विहिरीच्या कठड्यावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. मला हसू आलं नाही. माझ्या हाताला हळदीचे फोड होते.

त्यांनी घरात जाऊन आईला समजावलं. दाब म्हणजे व्होल्ट, म्हणजे खांबावरून येते ती वीज. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "मंग सरळ लाइट डीम हाय म्हणायचं ना गं. दाब कशाला काढायचा?" तेवढ्यावर अंगणाचं सारवण परत वेणूकाकूंच्या मुलीकडे गेलं. मी धीर करून कागद पुढे केला. तो त्यांनी हातातही घेतला नाही. "कागदात काय बी असू दे. कागद उकळून चहा होतो काय? संक्रांतीला भाऊ आला की शेगडी त्याच्या हाती द्यायची."

त्यांचंही खरंच होतं. शेगडी निर्दोष असली तरी चहा पावणेअकरालाच होत होता.

आणि इथे, मंडळी, मला सुचलं. सुचलं नसतं तर किती बरं झालं असतं!

दाब वाढवणं माझ्या हातात नव्हतं. पण रोध होता की. दीडशेच्या दाबावर हजार वॅट हवेत तर रोध किती पाहिजे? दीडशेचा वर्ग, भागिले हजार. साडेबावीस ओहम. म्हणजे साडेत्रेपन्नातले साडेबावीस ठेवायचे आणि बाकीची तार कापून टाकायची. दोनशे वेढ्यांतले चौऱ्याऐंशी ठेवायचे, एकशे सोळा काढायचे. मी तीनदा ताळा करून बघितला. गणित इतकं सुंदर सुटलं होतं, की हे दादाला कसं सुचलं नाही, असा एक फाजील विचारही मनात येऊन गेला.

आत्याबाई हळद पोचवायला वेणूकाकूंकडे गेल्या होत्या तेव्हा मी बटण बंद केलं, पिन काढली, काशिनाथची पकड आणली आणि एकशे सोळा वेढे मोजून कापले. उरलेले ओढून खोबणीत पुरवले. कापलेली तार डाळीच्या डब्यात दडवली. चारला शेगडी लावली. तार लाल झाली, मग नारिंगी, मग जरा पिवळसरसुद्धा. तेवढी पिवळी व्हायला नको होती, पण दूध दहा मिनिटांत वर आलं, आणि वर आलेल्या दुधाच्या आनंदात मी पिवळ्या रंगाकडे काणाडोळा केला.

चार वाजून दहा मिनिटांनी किटली गिरणीच्या दारात. मामंजींनी घड्याळ बघितलं, किटली बघितली, मला बघितलं. "शेगडी माणसाळली!" ते ओरडले, आणि दोन गाड्यांचे बैल दचकले.

त्यानंतरचे सहा दिवस माझ्या आयुष्यातले फार मानाचे गेले. चहा वेळेवर. आत्याबाई वेणूकाकूंना सांगत होत्या, नवी वस्तू घराला रुळायला वेळ लागतोच. तार कापलीय हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि शेगडी आपोआप सुधारली हे सगळ्यांना इतकं आवडलं होतं, की त्यात गणित कशाला घालायचं? परत पाठवायची गोष्ट कुणी काढेना.

भोगीच्या दिवशी चारच्या सुमाराला दादा आला. नवं धोतर, हातात तिळगुळाचा डबा. आल्या आल्या त्याची नजर ओट्यावरच्या शेगडीकडे गेली, मग माझ्याकडे. मी मान हलवली, की सगळं ठीक आहे. त्याचा चेहरा उजळला. माझं लग्न ठरल्यापासून तो इतका मोकळा झालेला मी पाहिला नव्हता.

मी मोठं पातेलं चढवलं. इतक्यात मामंजी गिरणीच्या दारातून डोकावले आणि त्यांनी दादाला पाहिलं. शेगडी करणारा माणूस साक्षात घरी आलेला. त्यांना राहवेना. त्यांनी आत वळून हाक दिली, "काशिनाथ, बंद कर रं! सगळ्यांना घेऊन ये. आज चहा घरात बसून प्यायचा, व्याह्यांच्या शेगडीवरचा!"

पट्टा हळूहळू थांबला. सकाळपासून कानात बसलेली घरघर एकदम गेली. काय शांत वाटलं म्हणून सांगू! मी मनात म्हटलंदेखील, माझ्या भावाच्या मानासाठी गिरणी थांबली. काशिनाथ, हमाल, गाडीवाले, वेणूकाकू, असे पंधरा-सोळा जण ओटीवर आणि स्वयंपाकघराच्या दारात दाटीने उभे राहिले.

सगळ्यांच्या देखत शेगडीतली तार नारिंगीची पिवळी झाली. पिवळीची पांढरी झाली. मी आजवर पांढरी तार बघितली नव्हती. दूध वर आलं म्हणावं तर तसंही नव्हे. ते उठलं, पातेल्याबाहेर पडलं आणि तापल्या मातीवर कोसळलं. फट्ट असा आवाज झाला. मातीच्या थाळीचे दोन तुकडे उडाले, त्यातला एक तिळगुळाच्या डब्यावर जाऊन बसला. दिवा गेला, मामंजींचा रेडिओ गेला. करपलेल्या दुधाचा धूर आढ्यापर्यंत चढला.

काशिनाथ, जणू मला एकटीलाच सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "गिरणी बंद झाली की लाइट फुल येतं, वैनी. मोटर सगळं वढून घेते ना. ह्ये तर आळीत पोराटोरांना ठावं हाय."

पोराटोरांना ठाऊक होतं. मला आळीत येऊन दोन महिनेच झाले होते आणि मी सहाही वेळा गिरणी चालू असताना मोजलं होतं. खांबावरून एकच तार, तिच्यावर गिरणीची मोटर आणि तिच्यावरच आमची शेगडी. मोटर थांबली आणि दाब दीडशेवरून सरळ दोनशे तीस. तिथे उभ्या उभ्या, नको असताना, माझ्या डोक्याने वर्ग करून भागाकारही केला. दोन हजार तीनशे एक्कावन्न वॅट. ताळा बरोबर.

पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे दादाकडे बघत होते. शेगडी त्याची.

दादा पुढे आला. मातीचे तुकडे गोळा करायला तो गुडघ्यावर बसला, नव्या धोतरासकट. मामंजींकडे बघून त्याने हात जोडले आणि म्हणाला, तार हलकी निघाली असणार, माझ्याकडूनच चूक झाली, दुसरी करून आणतो. मामंजींच्या तोंडून, जन्मात पहिल्यांदा, हळू आवाज निघाला, "अरारा." आत्याबाई वाकल्या. काळाठिक्कर पडलेला तो डबा, ज्याच्यावरचं एक कमळ अजून दिसत होतं, तो त्यांनी फडक्याने धरून उचलला आणि दादाच्या पुढ्यात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या आता," त्या म्हणाल्या. "जाताना घेऊन जा."

दादा डब्याला हात लावणार, तेवढ्यात मी बोलले. इतक्या माणसांसमोर मी कधी बोललेली नाही. पदर कुठे गेला होता तेही आठवत नाही.

"आत्याबाई, डबा दादाचा आहे, पण आतली तार माझी आहे. त्याने दोनशे वेढे दिले होते, त्यातले एकशे सोळा मी कापले, ते डाळीच्या डब्यात आहेत. तीन दिवस मोजलं, भागलं, गुणलं, ताळे केले, सगळं बरोबर आलं. फक्त चहा चांगला झाला तर माणसं गिरणी बंद करून प्यायला येतील, एवढं धरायचं राहून गेलं."